दसऱ्याचा हार

दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट पाहत बसलेल्या तुळसाबाईंचा कान शेजारीच लागला होता. तिथं डाव्या हाताला बँडेज बांधलेला धर्मेंद्र, त्याची बायको जयवंता आणि कळमेश्वरच्या कारखान्यातले सुपरवायझर बसले होते.

“बोर्ड होता ना गा, धर्मेंद्र! मशीन चालू असताना हात घालू नका. एवढं मोठं लिहिलं आहे!”

“मी दिवाळीनंतर लागलो, साहेब. मले तर तिथं झेंडूचा हारच दिसला.”

“दसऱ्याले मशीनची पूजा केली. हार टांगाले बोर्डाचाच खिळा होता.”

“मंग सुकल्यावर काढला काहून नाही?” जयवंता फणकारली.

“पूजेच्या हाराले हात कोण लावंल, बाई? कायद्यात बोर्ड लावाले सांगतलं, आम्ही लावला.”

“अन् तो दिसला पाहिजे, हे नाही सांगतलं?”

“आता वाद नको. बोर्ड वाचला होता, एवढंच लिहून आणलं आहे. सही कर, धर्मेंद्र.”

“माझा लिहाचा हात हाच आहे, साहेब.” धर्मेंद्रनं बँडेजचा हात पुढं केला.

“मंग डावा अंगठा दे. नियमात डावाच लागते.” सुपरवायझरनं खिशातून शाईचं पॅड काढलं.

“साहेब,” जयवंता म्हणाली, “तोच तर मशीननं नेला.”