आठ दारांवरची संख्या

फोन नंबर नाही रे तो, नवनाथ. त्या नवीन क्लार्कलाही तसंच वाटलं होतं — लावलाही त्यानं, आणि लागला नाही म्हणून माझ्यावरच खेकसला. संख्या आहे ती. सात-तीन-नऊ-तीन-नऊ-एक-तीन-तीन. पहिलीच्या दारावर सात, आठवीच्या दारावर शेवटचा तीन — मीच रंगवली, या शाळेत गणित शिकवायचो तेव्हा. थांब, ब्रश बुडवू नकोस अजून. हिला कशानंच भाग जात नाही — एक सोड आणि ती स्वतः सोड. तशा पुष्कळ असतात म्हणशील. असतात. पण हिचा शेवटचा अंक पुसला, तर उरते तिलाही भाग जात नाही. अजून एक पुसला — तरी नाही. पुसत पुसत नुसता सात उरला तरी नाही. आणि असली, याहून मोठी, जगात दुसरी नाही — नववा अंक कुठलाही जोड, भाग जातोच. पोरांना मी सांगायचो, दुधनीच्या तळ्यात एक मासा सापडला, त्याच्या पोटावर लिहिलेली होती. वाळू नावाच्या एका पोरानं चाचणीत लिहिलं, शोध कोणी लावला, तर माशानं. पूर्ण मार्क दिले मी. खोटं वाटतं? वाटू दे.

मग आठवी बंद झाली. मराठी शाळेला पोरं कुठायत, वरचे साहेब म्हणाले — आणि खानदेशातनं इथं सेलवासच्या कंपन्यांत येता ते तुम्ही लोक, तुमची पोरं कुठं घालता रे? मी मीटिंगमध्ये म्हटलं, हरकत नाही, उरलंय ते अजून अभंग आहे. हसले. सातवी गेली, सहावी गेली, मी तेच म्हणत राहिलो, ते हसत राहिले. रिटायर झालो तरी येऊन म्हणायचो. यंदा त्यांनी दुसरं टोक धरलं — पहिलीलाच प्रवेश नाही. म्हणजे, एक तरी पोर आणा, वर्ग ठेवते, असं हेडबाई उषाताई माझ्या टोकरखाड्याच्या घरी येऊन सांगून गेल्या होत्या. माझ्याच घरी का? — का म्हणजे, नात आहे मला. गुड्डी. वय पहिलीचंच. अभिजीत म्हणाला, बाबा, तुम्हीच सांगा, मराठीत शिकून ही सेलवासात करणार काय. आणि ज्यानं अख्ख्या शाळेला मासा खपवला, त्याच्या तोंडून त्या दिवशी एक थाप निघाली नाही. टाय मीच बांधतो तिचा, सकाळी. छान बसतो, इंग्रजी शाळेचा टाय.

ते जाऊ दे. सगळं पांढरं करायचंय ना तुला, कर, पोटापाण्याचं काम आहे. फक्त आठवीकडून सुरू कर. सात शेवटी घे. जेवढा वेळ उरेल तेवढा वेळ ती अभंग राहील, एवढंच — तुझं काय जातंय? शिडी इकडं, पहिलीच्या दाराशी लावलीय म्हणतोस? मी उचलतो ना शिडी, गुडघे दुखतात म्हणून काय झालं, धर तिकडनं — सुपरवायझरला काय कळतंय कुठल्या टोकानं — नवनाथ, अरे ऐक —

…

सातच आधी पुसलास. उरली ती अकरानं गेली. बाकी शून्य. तोंडपाठ आहे मला, कागद लागत नाही. पुस आता, कुठूनही पुस. नाही, चहा नको. बाजूला घे ती शिडी, वाट दे.