शेऱ्याचा रकाना

मंडळी, मागे उभे आहात ते जरा पुढे सरका. सतरंजीवर अजून जागा आहे. खुर्च्या कमी पडल्यात, पण बसून घ्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना जिना चढूनच धाप लागलीये, मला दिसतंय.

मी सतीश. समोरच्या चाळीतला, दुसरा मजला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. मग वाटलं, आज नाही बोललो तर परत कधीच बोलणार नाही. तेवढा मी भित्रा आहे.

माझ्याआधी हॉस्पिटलचे साहेब बोलले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, नलूताईंचं काम पुढे चालूच राहील. साहेब, राग मानू नका. नाही राहणार. ते काम बंद पडलंय. ताई जिवंत असतानाच बंद पडलं, आणि ते बंद पाडणाऱ्यांत मी आहे. एवढंच सांगायला उभा राहिलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नलूताई परळच्या एका हॉस्पिटलात छातीच्या विभागात रुग्ण-समन्वयक होती. नाव मोठं, काम साधं. कोणाची तपासणी कधी आहे, कोणाच्या गोळ्या संपल्या, कोण आलं नाही, आणि का आलं नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. का आलं नाही? ते बघायला ती घरी जायची. संपात तिच्या वडिलांची नोकरी गेली आणि ही कामाला लागली. संपानंतर गिरणगावात काय झालं ते मी तुम्हाला काय सांगणार? पुरुष माणसं घरात बसली. छातीत कापसाची धूळ आधीच होती, त्यात हे रिकामपण. खोकला आला तरी औषध नको. बरं होऊन जायचं कुठे?

माझे बाबा त्यातलेच. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबांना टीबी झाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि एक दिवस आईशी भांडून ते कोणाला न सांगता गावी निघून गेले. गोळ्या इथेच कपाटावर. आई म्हणाली, मरूदे तिकडे. ताई घरी आली, सगळं ऐकून घेतलं. कपाटावरच्या गोळ्या उचलल्या आणि लालबागच्या नाक्यावर गेली, जिथून गावच्या गाड्या सुटतात. प्रत्येक गाडीत चढून विचारत सुटली, कणकवलीच्या पुढे कोण जातंय? एक बाई मिळाली. ओळख ना पाळख. तिच्या हातात महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि वर चिठ्ठी. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही.

आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये बाबांच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘गावी गेले. रुसले आहेत. शिमग्यानंतर येतील.’

आले ना! शिमगा करून आले. ताईला दारात बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “गो बाय, माका सुखान मराक तरी दी!” त्या दिवशी आईने ताईला आमच्यात जेवायला बसवलं. तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करायला लागलो. आजही करतोय, मोठ्या माणसांनी माफ करावं. बाबा त्यानंतर माझं लग्न बघून, नातीला मांडीवर खेळवून मगच गेले.

मग मी शिकलो. सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागलो. आणि नशीब बघा, ह्याच हॉस्पिटलच्या ह्याच विभागाचं काम आमच्याकडे आलं. ताईचं रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर येणार. मी किती खूश! पहिलं जे बनवलं ते चांगलं होतं हो. ताईच्या शेजारी बसून बनवलेलं. शेऱ्याला चांगला ऐसपैस रकाना होता.

मग सुधारणा सुरू झाल्या.

वरून सांगणं आलं, शेऱ्यांचा तक्ता निघत नाही. आता ‘सासूशी वाद आहे’, ‘डावीकडचं दार ठोकू नका, मागून हाक मारा’, ‘गणपती झाल्यावर येईल’, ह्यांचा तक्ता काढणार कसा? मी रकाना काढून टाकला. त्याच्या जागी कारणांची यादी दिली, त्यातलं एक निवडायचं. दुसरी सुधारणा, तीन आठवडे संपर्क झाला नाही की केस आपोआप बंद. तिसरी, बंद केस समन्वयकाच्या स्क्रीनवर दिसणार नाही. सकाळी फक्त चालू केसची यादी. स्क्रीन कशी स्वच्छ, सुटसुटीत! माझं कौतुक झालं. ऑफिसात केक कापला.

ताई आठवड्याभरात मला शोधत आली.

“सतीश, ‘गावी गेली’ कुठे लिहू रे?”

म्हटलं, “ताई, लिहायचं नाही आता. निवडायचं. मृत्यू, स्थलांतर, उपचार सोडला, संपर्क नाही.”

“अरे पण ती येणार आहे.”

“मग स्थलांतर टाक.”

“स्थलांतर कसलं डोंबलाचं? तिचे डबे आहेत इथे, गिऱ्हाईक आहे. गणपतीला गावी जाणं म्हणजे स्थलांतर होय रे? तुझा बाप काय स्थलांतर करून गेला होता?”

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मी हसलो. म्हटलं, “तुला सगळी माणसं तोंडपाठ आहेत, तुला शेरा हवाय कशाला? पुढच्या वेळी बघू.” तिच्यावर तेव्हा तिघांचं काम टाकलं होतं, कारण कॉम्प्युटर आला ना मदतीला! एवढी माणसं कोणाला तोंडपाठ राहतील? मला हे कळायला नको होतं?

ताई जिला ‘येणार आहे’ म्हणाली ती कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतली खानावळवाली अनुसयाबाई. तिच्या हातची सोलकढी न प्यायलेला माणूस ह्या सभेत कमी असेल. तिला जोराचा टीबी होता, तो ज्याच्यावर साध्या गोळ्या चालत नाहीत. गणपतीला गावी गेली, ताईला सांगून गेली, पुरेशा गोळ्या घेऊन गेली. तिकडे सासू वारली. सुतक आलं. तेरावं करूनच जा म्हणाले, राहिली. फोनला रेंज नाही. इकडे तीन आठवडे झाले आणि माझ्या सॉफ्टवेअरने तिच्या नावावर ‘उपचार सोडला’ असं टाकून केस बंद केली. ताईच्या सकाळच्या यादीतून अनुसयाबाई गेली. यादीत नाव असतं तर ताईने नाक्यावर जाऊन गाडी शोधली असती. नाव नव्हतं. त्या गर्दीत तिच्या ध्यानातून सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा सुटलं.

अनुसयाबाई परत आली, हॉस्पिटलच्या खिडकीवर गेली. तिथली मुलगी म्हणाली, मावशी, तुमची केस बंद आहे. परत नोंदणी करा, परत थुंकी तपासून घ्या, परत डॉक्टरांची तारीख घ्या. त्या मुलीचाही दोष नाही, तिला स्क्रीनवर तेवढंच दिसत होतं. अनुसयाबाई म्हणाली, “डबे आटपून येते.” आणि गेली ती गेलीच. ताईला ती दिसली दिवाळीनंतर, बाजारात, भाजीवाल्याच्या पाटीला धरून उभी. ताईने तिला त्याच दिवशी हॉस्पिटलात नेलं, पण उशीर झाला होता. मार्गशीर्षात वारली.

ताई माझ्या ऑफिसात आली. मी म्हटलं, ताई, शिव्या दे. चार थोबाडीत मार. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली. म्हणाली, “सतीश, ती गावी गेली होती रे. मला एवढंच लिहायचं होतं.”

तुम्ही विचाराल, मग टाकलास का तो रकाना परत? मी अर्ज केला. मंजुरी आली नाही. परत केला. मग हॉस्पिटलने कंपनीच बदलली. आता ते सगळं दुसऱ्यांकडे आहे, माझं तिथे काही चालत नाही. त्यांचं नवीन आलंय, माझ्यापेक्षा चकाचक आहे. रकाना नाही. मी बघून आलो.

ताई रिटायर झाली आणि यादीतून गेलेल्या माणसांना शोधत पायी फिरायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. परवा तशीच एका चाळीचा जिना चढताना पायरीवर बसली आणि तिथेच संपली.

काल तिच्या भावाने, ती फिरताना लिहायची ती वही माझ्याकडे दिली. म्हणाले, तू कॉम्प्युटरवाला, बघ ह्याचं काही होतं का. मी सबंध वाचली. ‘पिंपळाकडची मावशी, शुक्रवारी उपास, गोळी टाळते.’ ‘दोन नंबर, नाकात बोलतो, सुनेला विचारा.’ कुठला पिंपळ? कुठला दोन नंबर? नाव नाही, पत्ता नाही. ज्याला माहीत होतं ते माणूस गेलं. ह्याचं काही होत नाही, भाऊ. मला जमत नाही.

आणि आता हे बोलतो आणि थांबतो. मघापासून मी तुमच्याकडे बघतोय. नावं घेत नाही. पण इथे बसलेल्यांतले चार जण तरी मला ओळखू येतात, ज्यांच्यापुढे, ताईच मला सांगायची, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये ‘संपर्क नाही’ असं लिहिलंय. तुम्ही सापडत नाही म्हणे. आणि तुम्ही तर इथे बसला आहात, सतरंजीवर, माझ्यासमोर! ताई गेल्याचं कानावर आलं आणि धापा टाकत आलात.

तुमची नावं लिहून घ्यायची असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण लिहून घेऊन काय करू? तुमची गोळी चुकली तर मी येणार आहे का जिने चढून? चार दिवस येईन. मी स्वतःला ओळखतो. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, आज तर नाहीच.

नलूताई, तुझी माणसं आलीयेत गं सगळी. उद्यापासून ह्यांना शोधणारं कोणी नाही.

ज्यांना उभं राहवतं त्यांनी उभं राहा. बाकीच्यांनी बसूनच डोळे मिटा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. खोकला आला तर दाबू नका, खोका.