बाबलदादाचं नवं ग्राफिक्स कार्ड

कॉम्प्युटरमधलं कार्ड बदलणं हे काही चहावर सांगायचं काम नव्हे, पण धारगळच्या बाबलदादाचं ऐकाच. हा माझा मावसभाऊ. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. एकदा ट्रक उलटला आणि कमरेखाली त्याला काही हलवता येईना. तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरवर तो ट्रकचाच गेम खेळायचा, सगळं बोटांनी. चित्र सारखं अडखळायचं, म्हणून मी पणजीहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं.

बसवलं, गेम सुरू केला. रस्त्यावरची धूळ, काचेवरचे ओघळ, सगळं लख्ख. वहिनी हात पुसत बघायला आली. "गे बाय, खरोच रस्तो!"

दादा हसत घाटाला लागला. उतारावर एका वळणाशी त्याने अचानक कीबोर्ड सोडला आणि दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरली. पडद्यावरचा ट्रक दरीत गेला.

"काय झालं? कार्ड बिघडलं?" मी विचारलं.

"कार्ड बरा आसा," तो म्हणाला. "आदी चित्र अडखळायचा, तेव्हा खेळ वाटायचो. आता खराच दिसता. ब्रेक मारूक गेलंय, पाय हललो नाय."

वहिनी आत गेली.

"जुना कार्ड घाल परत," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "थोडं खेळून बघ दादा, सवय होईल."

"ह्या पायांची सवय खंय झाली रे अजून?"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.