शिडी कोणी धरली होती

— नाही मिस्त्री, त्या डब्यात नाहीत स्क्रू, कशाला उपसतोस सगळं? आधी स्टुलावरून खाली उतर, पाणी पी. स्क्रूंना काय पाय फुटलेत? सापडतील. आणि मला शिकवू नकोस, की काका, शिडीची चौकट अजून कच्च्या खिळ्यांवर आहे, मोठे स्क्रू तुळईत गेल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही — कळतं मला. शाळेत फार टिकलो नाही, मास्तरच कंटाळला, पण शिडीतलं मला सांगायचं नाही. रंगारी होतो मी, जन्म शिडीवर गेला. बायको म्हणायची, तुम्ही जमिनीवरसुद्धा पाय चाचपून टाकता. — फळ्या? चौकटीखाली टेकू दिला होतास त्या? त्या मी काढल्या. तू जेवायला गेलास तेव्हा. पोचतो अजून हात, म्हातारा झालो म्हणून काय झालं.

ही घडीची शिडी काय माझी हौस वाटली तुला? जावयाची. स्वतः घेऊन आला, माळ्याचं तोंड मोजून. म्हणाला, बाबा, ओढली की खाली, ढकलली की वर, कोणी धरायलाच नको. कोणी धरायलाच नको — हे माझ्या घरात, माझ्या तोंडावर, हसत. आधी इथं माझी लाकडी शिडी असायची, भिंतीला टेकवायची. तिच्यावरून माझी लेक पडली. गेली. तू पिशवी ठेवलीस ना, तिथंच. — राहू दे, उचलू नकोस, पुसलंय सगळं.

ती नवऱ्याचं घर सोडून आली होती माझ्याकडे. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काळंनिळं मनगट दिसत होतं, विचारायचं काय? आपली पेटी तिनं माळ्यावर टाकली, म्हणाली, आता मी जात नाही. तर हा आला न्यायला. गोड बोलला, पायाही पडला माझ्या. मला म्हणाला, बाबा, रिक्षा बघता का जरा? मी गेलो. परत येतो तर ती खाली पडलेली आणि हा शेजारी उभा. पेटी काढायला चढली होती म्हणे, आणि शिडी यानं धरलेली.

आता ऐक. ती शिडी माझ्या कामावरची, चुना खाऊन खाऊन पांढरी झालेली. नुसतं बोट लाव, बोट पांढरं. दवाखान्यात हा माझ्या गळ्यात पडला — बाबा, घट्ट धरली होती हो, तरी निसटली. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. लोकांना वाटलं, म्हातारा धीर देतोय. मी तळवे बघत होतो. लेकीचे तळवे पांढरे होते, मी पुसलेत माझ्या हातांनी. याचे स्वच्छ. — धुतले असतील? हे मीही म्हटलं मनाला. बायको जमिनीवर पडलीय आणि हा आधी हात धुवायला गेला? बरं, गेला असेल. नखांचं काय? नखातला चुना धुऊन जात नाही बाबा, माझी नखं बघ, काम सोडून जमाना झाला. — पोलीस? तळवे स्वच्छ होते म्हणून कोणी कोणाला आत टाकतं का? हसले असते. आता गावभर सांगत फिरतो, लक्ष्मी होती हो माझी. मेल्या म्हशीला मणभर दूध. माझीच लेक आहे, म्हण वाईट आहे, पण खरं ते खरं.

आज येतोय तो पेटी न्यायला. काय आहे पेटीत, देव जाणे, झोप नाही त्याला तेव्हापासून. — तू कशाला परत स्टुलावर चढून बघतोस? उतर. तुझी घरी वाट बघत असेल कोणी. तू नाही चढायचं, मी नाही चढायचं, ज्याची पेटी त्याला न्यायची घाई आहे ना, तो चढेल. — खिशात काय खुळखुळतंय? बरं. आहेत. स्क्रू माझ्याच खिशात आहेत, काखेत कळसा, झालं समाधान? हात पुढं करू नकोस, देणार नाही. तुझ्या अंगावर काही यायचं नाही. मी सांगेन, मिस्त्री सामान आणायला गेला होता, मी नको नको म्हणत होतो, जावई ऐकतायत का सासऱ्याचं? आणि असं बघू नकोस माझ्याकडे. मी ढकलतोय का कुणाला? मी तर हातही लावणार नाही. त्यानं तरी कुठं लावला होता.

फाटक वाजलं. उचल तुझी पिशवी, मागच्या दारानं जा.

या, जावईबापू, या. दार उघडंच आहे. बसताय कशाला, आधी पेटी काढा, मग चहा घेऊ. हो हो, झाली की, आत्ताच झाली, बघा कशी अलगद खाली येते — मिस्त्री, तू निघाला होतास ना? मग शिडीपुढं काय उभा राहिलास? — काही नाही हो, जावईबापू, तो असाच आहे, कमी बोलतो. — अरे, नको नको अशी मान काय हलवतोस त्यांच्याकडे बघून? सर. काम संपलं तुझं. पायरीवरचा हात काढ. मिस्त्री, सर म्हणतो ना बाजूला — सर की रे —