सहाव्या आठवड्यातले ते तीन दिवस

फादर, फिलोमिनाकाकू, सरांची मुलं, वटारहून आलेली सगळी मंडळी आणि माझ्या शिक्षक बंधूभगिनींनो,

उभी राहिले खरी, पण सुरुवात कुठून करू ते समजत नाही. माझ्या आधी चौघे बोलले. कुणी म्हणालं, ग्रेगरी सर फार कडक. कुणी म्हणालं, सरांइतका मऊ माणूस पाहिला नाही. मी मागे बसून दोन्ही बोलण्यांना मान हलवत होते. इतक्या वर्षांत सर नक्की कसे होते ते मला ठरवता आलेलं नाही. आजही येणार नाही. घडलं तेवढं सांगते.

मी सावंत. पाचूबंदराजवळच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते, राहते मनवेलपाड्याला. नोकरी सांभाळून एम.एड.ला नाव घातलं, तेव्हा सर माझे मार्गदर्शक झाले. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र तेच शिकवायचे. माझा विषय साधा होता. मुलांना शाबासकी दिली तर गणित सुधारतं का? मी म्हटलं, सुधारतंच, यात शोधायचं काय? सर म्हणाले, "मग शोधून दाखवा."

वर्गाचे दोन गट करायचे. एकाला रोज तोंडभरून शाबासकी. दुसऱ्याला वहीत फक्त बरोबर की चूक, बाकी एक शब्द नाही. मी म्हटलं, हुशार मुलं दोन्हीकडे सारखी वाटून टाकते. सर म्हणाले, नको, चिठ्ठ्या टाका, त्यात तुमचा हात नको. टाकल्या चिठ्ठ्या. एक गट शाळेआधी यायचा, दुसरा शाळा सुटल्यावर. आठ आठवडे रोज दहा गणितं.

दुसऱ्या गटात जागृती नावाची मुलगी होती. कोळ्यांची. रोज दहापैकी दहा. आणि मी रोज तिच्या वहीत दहा खुणा करून वही परत द्यायची. तोंड मिटून. सांगते तुम्हाला, शिक्षिकेला हे किती जड जातं! सहाव्या आठवड्यात ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माजा गनित बरोबर हाय ना? मंग मना काय बोलत का नाय?"

मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. इथे अर्धे शिक्षक बसलेत.

मी तिला जवळ घेतलं. शाब्बास म्हटलं. बाकीची मुलं बघत होती, त्यांनाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती सगळी इतक्या आशेने आली की पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. मग घाबरले आणि गप्प झाले. सरांना सांगितलं नाही.

आठ आठवडे संपले. शाबासकीच्या गटाची सरासरी वर आली. टी-मूल्य काढलं, तक्त्याशी ताडून पाहिलं, फरक ग्राह्य निघाला, म्हणजे नुसता योगायोगाचा नव्हे. मी आनंदाने कागद घेऊन वटारला सरांच्या घरी गेले. सर पडवीत बसून आलेख पाहत होते. मग एका जागी बोट ठेवलं. "सावंतबाई, दुसऱ्या गटाचे गुण इथे तीन दिवस एकदम चढलेत. का?"

खोटं बोलता आलं असतं. त्या तीन दिवसांत त्यांना गणितं सोपी पडली म्हटलं असतं तर चाललं असतं. मी खरं सांगितलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मग हे धरता येणार नाही.

मी वाद घातला. म्हटलं, सर, उलट बघा ना. शाबासकी तिकडेही गेली, तरी फरक उरला. म्हणजे माझं म्हणणं जास्तच पक्कं झालं. आजही मला वाटतं, त्या वादात मी अगदीच चूक नव्हते. सर म्हणाले, "बाई, जे मोडलं ते मला आलेखात दिसलं. जे दिसलं नाही, त्याचं काय? वह्या कोणी तपासल्या?" मीच तपासल्या होत्या. कोणती वही कोणत्या गटाची, हे मला पाठ होतं.

माझं वर्ष गेलं. त्या वर्षी एका अध्यापक विद्यालयात जागा निघाली होती, एम.एड. नसल्याने तीही गेली. घरी काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. मी सरांकडे जाणं बंद केलं. चार महिन्यांनी एका रविवारी सर मनवेलपाड्याला आले. तीन जिने चढून, धापा टाकत, हातात घरी वाळवलेल्या सुकेळ्यांचा पुडा. माझ्या सासूबाईंशी केळीच्या बागेबद्दल बोलत बसले. निघताना मला म्हणाले, जूनमध्ये नवा वर्ग येईल. पुन्हा करू. वह्या मी तपासतो.

आणि तपासल्या त्यांनी. आठ आठवडे, रोज. मुलांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवून मी वह्या पाठवायची, सर गुण देऊन परत करायचे. कोण कुठल्या गटातला, त्यांना ठाऊक नव्हतं. या खेपेला मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

फरक निघाला नाही. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या.

म्हणजे पहिल्या वर्षी माझंच पेन शाबासकीच्या मुलांच्या वहीत सैल पडलं होतं का? की दुसऱ्या वर्षी मुलंच वेगळी होती? मी सरांना विचारलं, म्हणजे शाबासकीचा उपयोग नाही? सर म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. मग उपयोग आहे? तसंही म्हणता येणार नाही. आपल्याला तो दिसला नाही, इतकंच लिहा. मी तेवढंच लिहिलं आणि पास झाले. पुढे मी वर्गात शाब्बास म्हणत राहिले, कुणाच्या परवानगीशिवाय.

पण सर मला कधी शाब्बास म्हणाले नाहीत. एकदाही नाही. मला कधीकधी वाटायचं, मी सरांच्या दुसऱ्या गटात आहे की काय.

गेल्या महिन्यात भेटायला गेले. आवाज अगदी बारीक झाला होता. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी धीर करून विचारलं, सर, माझं काम बरं होतं का?

सरांनी विचारलं, कोणतं? पहिलं की दुसरं?

मी म्हटलं, कोणतंही.

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "त्या मुलीला शाब्बास म्हणालात, ते बरं केलंत. मी असतो तर मीही म्हटलं असतं."

मग माझं वर्ष का घालवलंत, सर? हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि ते राहूनच गेलं. आता कोणाला विचारू? तेव्हापासून मी रोज सरांच्या त्या बोलण्याचा अर्थ लावते आहे. एक दिवस वाटतं, सरांना वर्षभर माझ्याइतकंच वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, तसं काही नव्हतं, आजारी माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलला. माझ्याकडे एकच वाक्य आहे. एका वाक्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला सरांनीच शिकवलंय.

काकू, तुम्हाला माहीत असेल तर मला कधीतरी सांगा. आज नको.

मंडळी, आपण उभे राहू या. ज्याला जी प्रार्थना येते त्याने ती मनात म्हणावी, ज्याला येत नाही त्याने नुसतं सरांना आठवावं.

सर, नमस्कार करते.