बादलीतलं बाळसं

"नाव सुटणार कधी?"

"आधी तो कोंबडा पिशवीत कोंबा."

"माझ्या सुक्या मासळीवर पाय देऊ नका हो!"

"लुसिंग, बादलीवरचं फडकं काढ बघू."

बुही तळ्याच्या धक्क्यावर लुसिंग आणि तिची पासिंग मावशी नावेची वाट बघत माझ्या मागेच उभ्या होत्या.

"सिनारापान आहेत, मावशी, आपले चिमुकले मासे. डोंगरातल्या तळ्यात सोडायला नेतेय. इथे चिलापी माशांनी खाऊन संपवत आणलेत, तिथे तरी वाढतील."

"मग हा ढोल्या कोण?"

"त्यांचंच पिल्लू. जरा बाळसेदार आहे."

"बाळसं? अगं, सिनारापान पोटात अंडी घेऊन फिरते तेव्हाही शिताएवढीच असते! पाठीवरच्या परावर काळा ठिपका बघ."

"सावली असेल."

"सावली पोहते होय? चिलापीचं पिल्लू आहे ते."

"एकच आहे ना. काढून टाकते."

"एकच दिसलं. ओत सगळं इथेच, परत पाण्यात."

"सगळं? सकाळपासून जाळीनं गाळतेय मी!"

"ओत म्हणते ना! तिथे चिलापीची एक जोडी गेली, की ते तळंही संपलं."

लुसिंगनं बादलीची कडी धरली आणि मावशीकडे पाहिलं.

"अशी काय बघतेस माझ्याकडे? लुसिंग?"

लुसिंगनं बादली धक्क्यावरून पाण्यात उपडी केली.

"पहिली बादली मी कालच डोंगरातल्या तळ्यात सोडली, मावशी," ती म्हणाली.