सनस्क्रीनच्या बाटलीत मी काय भरलं

बाटली मीच रिकामी केली. नातीची सनस्क्रीनची बाटली मोरीत पालथी केली, विसळली, तिच्यात माझं हातापायाला लावायचं साधं लोशन भरलं आणि तिच्या पोहण्याच्या पिशवीत गुपचूप परत ठेवली. तुम्हाला सांगते, चूक माझीच! पण शेजारीणबाईंचा फोनवर निरोप आला ना, 'सनस्क्रीनमधली रसायनं रक्तात उतरतात, लेकरांना वाचवा', आणि पुढे पाच उद्गारचिन्हं! एवढी उद्गारचिन्हं देणाऱ्या बाईवर मी एरवी विश्वास ठेवला असता का हो? पण नातीचा प्रश्न आला की… भिंग घेतलं, बाटलीमागची यादी वाचायला बसले. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन… चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, जोडाक्षराला कधी अडखळले नाही, तिथे माझी जीभ तिसऱ्याच शब्दाला अडकली! म्हटलं, जे मला धड उच्चारता येत नाही, ते माझ्या नातीच्या अंगाला लागणार नाही. काय ती ऐट!

दुसऱ्या दिवशी तिची निवड चाचणी. उघडा तलाव, भर दुपार. निवड झाली, पण पोरगी घरी आली ती खांदे लालबुंद, पाठीला वारासुद्धा सोसेना. सूनबाई कडाडल्या, "अगं, लावलं नव्हतंस का?" ती रडवेली, "लावलं गं आई, दोनदा लावलं!" आणि मी? मी वाटाणे सोलत होते, मान खाली घालून, रिकाम्या शेंगासुद्धा पुन्हा सोलत होते! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आठ दिवस पाण्यात उतरायचं नाही. अंतिम फेरी चार दिवसांवर! तुम्हाला सांगते, चूक माझीच, पण मी आपली वाटाण्यांची टोपली उचलून स्वयंपाकघरात सटकले…

संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, मीच नीट चोपडलं नसेल. चूक माझीच." अहो, ते वाक्य माझं होतं! माझ्या हक्काचं! मग नाही राहवलं, सगळं सांगून टाकलं. तिनं पिशवीतून बाटली काढली, हुंगून पाहिली. "म्हणजे वर नाव एकाचं आणि आत माल दुसऱ्याचा? आजी, ही तर कॉपी झाली!" हयातभर मी कॉपी पकडली हो… आणि माझं ते 'साधं' लोशन? त्याची यादी भिंगाखाली धरली, सत्तावीस नावं!

प्रशिक्षकांकडे स्वतः गेले, हात जोडले. ते म्हणाले, "बाई, तारीख पुढे जात नाही. आता पुढच्या वर्षी." डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "काही घटकांवर अभ्यास चालू आहे, शंका रास्त आहे. जस्ताचं, म्हणजे झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन वापरा. पण शंका मला सांगायची, मोरीला नाही!"

तर ठरलं ते असं : सनस्क्रीन जस्ताचं, पिशवी नात स्वतः भरणार, मी यादी वाचायची, हवी तेवढी नावं ठेवायची, बाटलीला हात लावायचा नाही. सूनबाईंनी मांडलं, मुलानं मान डोलावली, नात म्हणाली, "मंजूर." मीही म्हणाले, "मंजूर."… न म्हणून जाते कुठे?